गणपतीपूर्वी नवीन कार घ्यायची आहे. शोरूममध्ये किंमत किती कमी करून घेता येते आणि कसं बोलावं?

तुम्ही लिहिलंय की गाडी रत्नागिरीत घेताय, गणपतीला दारात हवी आहे आणि शोरूमवाल्याशी भावाचं कसं बोलायचं ते कळत नाही. बोलायचं नंतर बघू. आधी गणपतीचा हट्ट सोडा. कोकणात त्या दिवसांत शोरूमला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. ज्याला त्याला हरतालिकेच्या आत डिलिव्हरी हवी असते, कारण मुंबईची माणसं गावी येणार आणि गाडी त्यांना दिसली पाहिजे. तुमची तारीख एकदा सेल्समनला कळली की तो एक रुपया कशाला सोडेल?

मी हे ठासून सांगतेय, कारण याच मुद्द्यावरून आमच्या घरात मोठा वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही.

मी देवरुखची. पतसंस्थेत कर्जाचं काम बघते, त्यामुळे लोकांच्या गाड्यांची कोटेशन रोज माझ्या टेबलावर असतात. २०२४ साली आम्ही घरात पहिली गाडी घ्यायची ठरवली. मोठे भाऊजी डोंबिवलीला असतात, त्यांचं म्हणणं, गणपतीला सगळं गाव आलेलं असतं, तेव्हाच पूजा झाली पाहिजे. त्या वर्षी चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. ऑगस्टच्या शेवटी आम्ही कोटेशन घेतलं. एक्स-शोरूम, म्हणजे आरटीओ-इन्शुरन्स सोडून गाडीची किंमत, ९ लाख ४० हजार, इन्शुरन्स ४८ हजार, अ‍ॅक्सेसरीजचं पॅकेज २२ हजार, हँडलिंग चार्जेस साडेआठ हजार, आरटीओचा टॅक्स वेगळा. सूट किती, तर ५ हजार. वर ऐकवलं, "सर, गणपतीपर्यंत पाहिजे असेल तर आजच बुकिंग करा." सगळं बोलणं माझ्या नवऱ्याशी. कोटेशन माझ्या हातात होतं.

घरी येऊन मी सांगितलं, आपण थांबू आणि पितृपक्षात गाडी घेऊ. भाऊजींनी रागाने फोन ठेवला.

माझं गणित सरळ होतं. पितृपक्षात आपल्याकडे कोणी गाडी घेत नाही, शोरूम ओस पडतात. त्या वर्षी पितृपक्ष २ ऑक्टोबरपर्यंत होता, म्हणजे ३० सप्टेंबर त्यातच आला. महिनाअखेर आणि तिमाहीअखेर एकाच दिवशी. शोरूमला कंपनीचं टार्गेट असतं, ते गाठलं तर वरचे पैसे मिळतात. शिवाय त्या सप्टेंबरात देशभरातल्या डीलरांकडे जवळजवळ ८० दिवसांच्या विक्रीइतक्या गाड्या पडून होत्या. बऱ्याच डीलरांनी यार्डातला माल बँकेच्या पैशावर उचललेला असतो आणि त्याचं व्याज रोज चढतं. अशा वेळी दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणं त्यांना परवडत नाही.

महिना संपता संपता आम्ही त्याच शोरूममध्ये गेलो. आत आमच्याशिवाय कोणी नव्हतं. जाण्याआधी मी कोल्हापूरच्या शोरूमचं कोटेशन फोनवर मागवून ठेवलं होतं. साखरप्यावरून आंबा घाट चढला की कोल्हापूर, आणि पत्ता आपला असला की तिथे घेतलेल्या गाडीलाही एमएच-०८ चंच, म्हणजे रत्नागिरीचंच, पासिंग होतं, हे त्यांनाही ठाऊक असतं. मी एकूण आकड्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पेन काढलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवत गेले.

"हँडलिंग कशाचं?"

"मॅडम, गाडी यार्डातून इथपर्यंत आणायचं."

"मग एक्स-शोरूम किंमत कुठली? शोरूममधलीच ना? आणण्याचा खर्च त्यात धरलेला नाही का?"

तो उठून मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर खुर्ची ओढून नवऱ्याकडे वळून बसला. नवरा म्हणाला, "हिच्याशी बोला." ती ओळ तिथेच खोडली.

इन्शुरन्ससाठी मी बाहेरून भाव काढला होता. तीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), झिरो डेप (पार्ट बदलताना घसारा न कापणारं कव्हर), इंजिन प्रोटेक्शन, सगळं धरून ३४ हजार. पॉलिसी आमच्याकडूनच घ्यावी लागते, असं ते सांगतात. तशी सक्ती करता येत नाही. मी चासी नंबर आणि इंजिन नंबर मागितला, बाहेरून पॉलिसी काढायला तेवढं लागतं. त्यावर त्यांचा आकडा ३५ हजारांवर आला. अ‍ॅक्सेसरीजचं पॅकेज मी पूर्ण काढायला लावलं. मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर बाजारात निम्म्या किमतीत मिळतं. राहिली सूट. कंपनीची त्या महिन्याची स्कीम २५ हजारांची होती, ती विचारल्याशिवाय कोणी सांगत नव्हतं. त्यावर शोरूमने आपल्या कमिशनमधले १२ हजार सोडले. महिन्याभरापूर्वीच्या कोटेशनपेक्षा एकूण ७५ हजारांच्या आसपास कमी झाले. गाडी तीच, रंगही तोच.

बिल ३० तारखेला झालं. डिलिव्हरी मात्र आम्ही ३ ऑक्टोबरला, घटस्थापनेला घेतली, कारण सासूबाईंना हार-नारळ चांगल्या दिवशी व्हायला हवा होता. पितृपक्षाबद्दल त्यांची हरकत नव्हतीच. त्या म्हणाल्या, "तुझे सासरे पण पितरांतलेच. घरात गाडी आली तर त्यांना वाईट वाटेल होय?" भाऊजींना हे पटलेलं नाही. आजही गाडीला बारीक ओरखडा गेला तरी ते म्हणतात, बिल पितृपक्षातलं आहे ना. मी त्यांना २२ जुलै २०२१ ची आठवण करून देते. चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा किती गाड्या बुडाल्या! त्यातल्या बहुतेक पाडव्याला, दसऱ्याला, मुहूर्त बघूनच घेतलेल्या असणार.

यावरून एक सांगून ठेवते. इन्शुरन्स स्वस्त करायच्या नादात इंजिन प्रोटेक्शन काढू नका. नुसत्या झिरो डेपमध्ये पाणी शिरून बिघडलेलं इंजिन सहसा धरत नाहीत. आणि हे कव्हर असलं तरी पाण्यात उभी राहिलेली गाडी स्टार्ट करून बघायची नाही, टो करूनच न्यायची. आपल्या खाऱ्या हवेत गाडी खालून गंजते, तेव्हा अँटी-रस्ट कोटिंगही करावं, पण शोरूमच्या भावात नको, बाहेर करून घ्या.

आता किती कमी होतं त्याबद्दल. रोजच्या खपाच्या गाड्यांत डीलरचं कमिशन ढोबळ मानाने ३ ते ५ टक्के असतं. त्यातून तो थोडंच सोडू शकतो, म्हणून एक्स-शोरूमवर लाखभर कमी करा म्हणून अडून बसण्यात अर्थ नाही. खरे पैसे त्याखालच्या ओळींत आणि कंपनीच्या स्कीममध्ये असतात. जुनी गाडी देणार असाल तर एक्स्चेंज बोनस विचारा. घरात कोणी शिक्षक, सरकारी किंवा बँकेत असेल तर कॉर्पोरेट सूट विचारा. गाडी कोणत्या महिन्यात बनलीय ते बघा, आरसीवर तो महिना छापला जातो आणि विकताना त्यावरून भाव ठरतो. कोटेशनमध्ये टीसीएसची, म्हणजे शोरूमने तुमच्या नावावर आगाऊ गोळा केलेल्या आयकराची, ओळ दिसली तर ती खरी असते, १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का, आणि आयकर रिटर्न भरताना ती रक्कम धरून घेता येते. आरटीओच्या टॅक्समध्ये घासाघीस नाही, पेट्रोलला १० लाखांपर्यंत ११ टक्के सरकारी दरच आहे. रोख देतो म्हणून जास्त सूट मिळेल ही समजूत काढून टाका. शोरूमने बँकेचं कर्ज लावलं तर त्याला बँकेकडून पैसे मिळतात, उलट तिथेच तो दोन पावलं मागे येतो. पण मग व्याजदर आणि प्रोसेसिंग फी दोन्ही तपासा, नाहीतर सूट दिली त्याच्या दुप्पट परत घेतील.

माझी युक्ती दरवर्षी चालेल असं नाही. २०२५ मध्ये ज्याने पितृपक्षात बिल केलं त्याचं नुकसान झालं, कारण छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून कमी होऊन १८ टक्क्यांवर आला, आणि घटस्थापना नेमकी त्याच दिवशी होती. नवीन आलेल्या, वेटिंगवर असलेल्या मॉडेलला कुठल्याच महिन्यात कोणी काही सोडत नाही. घरात आजारी माणूस असेल, गाडी खरंच तातडीने लागत असेल, तर थांबू नका, घेऊन टाका.

तसं काही नसेल आणि फक्त गावाला दाखवायची असेल, तर यंदा गणपतीत पाहुण्यांना आणायला रिक्षा ठरवा. त्या गर्दीत शोरूममधून फक्त छापील कोटेशन घेऊन या, फोन नंबर द्या, बुकिंगचे पैसे देऊ नका. चतुर्दशी झाली की त्यांचाच फोन येईल. जे ठरेल ते ओळीनुसार व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा, टोकन त्यानंतर भरा.