कार्डांची ऑर्डर घेताय? आधी पाकीट बघा, पंच नंतर

कल्याणच्या ज्या ताईंनी विचारलंय की एका कंपनीकडून दिवाळीच्या दीडशे हस्तनिर्मित कार्डांची ऑर्डर मिळाली आहे, बॉर्डर पंच (कागदाच्या कडेला नक्षी कापायचं हत्यार) कुठला घेऊ, रिबनचा बो कशाने चिकटवू आणि मराठी अक्षरांचा शिक्का कुठून करून घेऊ, त्यांच्यासाठी हे लिहितेय. तिन्हींबद्दल खाली सांगतेच. पण तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक वाक्य आहे, "कार्डं कंपनीच पोस्टाने पाठवणार आहे, तो त्यांचा प्रश्न." ते वाचलं आणि राहवलं नाही. ताई, तो त्यांचा प्रश्न राहत नाही हो. फिरून तुमच्याकडेच येतो, आणि येताना तुमच्या बिलाला कात्री लावून येतो.

घडी कशी घालायची, शाई कशी पुसायची वगैरे सोडून देते. तुमच्या फोटोंवरून हात बसलेला दिसतोय.

माझं प्रकरण असं. एका कार्यालयाने (नाव घेत नाही, अजून त्याच रस्त्याने जाणं-येणं असतं) दिवाळीची कार्डं सांगितली. नमुना दाखवला तो सगळ्यांना आवडला. जाड पांढरं कार्ड, त्यावर फोम टेपने उचललेला दुसरा थर, सोनेरी एम्बॉसिंगची (शाईवर पावडर टाकून, ती तापवून उठाव आणलेली) पणती आणि मरून सॅटिन रिबनचा बो. "बो अजून थोडा फुगीर होईल का?" हे त्यांच्याच मॅडमनी विचारलेलं. मी तेव्हाच म्हटलं होतं की पोस्टाने जाणार असतील तर बो चपटा ठेवू, आणि एक भरलेलं पाकीट आधी वजन करून बघा. त्यावर उत्तर, "ते आमचं डिस्पॅच बघेल." ठीक आहे म्हटलं, मोठं ऑफिस आहे, बघत असतील.

डिस्पॅचने काय बघितलं? सगळी पाकिटं रबरबँड लावून गठ्ठ्यांत बांधली, गठ्ठे पोत्यात कोंबले आणि प्रत्येक पाकिटाला पाच रुपयांचं तिकीट डकवलं. वजनकाट्यावर एकही पाकीट चढलं नाही. मग व्हायचं तेच झालं. बरीचशी पाकिटं नॉटपेड म्हणून पोचली आणि त्यांच्या गिऱ्हाइकांना शुभेच्छा घेण्यासाठी पोस्टमनला पदरचे पैसे मोजावे लागले. शिवाय आत बो चेपलेला. दिवाळीचं कार्ड आणि दारात वसुली! फोन गेले ते साहेबांना, साहेब घसरले मॅडमवर, आणि मॅडमना एकदम आठवलं की कार्डं बाहेरून करून घेतली होती.

बिलावर शेरा आला, "माल सदोष", आणि रक्कम जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने कमी. अकाउंट्समध्ये गेले तर म्हणे परचेसला विचारा. परचेस म्हणालं नमुना अ‍ॅडमिनने पास केलाय, त्यांचं पत्र आणा. अ‍ॅडमिनच्या मॅडम दर वेळी मीटिंगमध्ये. एकटा डिस्पॅचचा माणूस सरळ बोलला, "ताई, मला पाचची तिकिटं दिली, मी पाचची लावली." त्याचं म्हणणं लेखी द्यायला अर्थातच कुणी तयार नव्हतं. उरलेले पैसे आजतागायत मिळालेले नाहीत. रिबन, कार्डशीट, पावडर सगळं रोखीनं आणलेलं, त्यामुळे त्या दिवाळीत माझ्या मेहनतीचे पैसे जवळपास शून्य.

आता वजनाचा हिशेब, कारण हा कुणी करत नाही. ए-फोर शीट अर्धं कापलं की ए-फाइव्ह, ते दुमडलं की ए-सिक्स कार्ड, हे तर नेहमीचंच. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या कागदाचा) ए-फाइव्ह तुकडा साधारण ९.३ ग्रॅम भरतो. वरचा थर २५० जीएसएमचा, जवळजवळ अख्ख्या ए-सिक्सचा घेतला तर आणखी ३.९. आत मजकुराचा ८० जीएसएमचा कागद लावलात तर २.५. बऱ्यापैकी जाड पाकीट ५ ग्रॅमच्या आसपास. झाले २०.७, आणि अजून फोम टेप, रिबन, मोती आलेच नाहीत. साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये आणि पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला आणखी ५. म्हणजे तुमचं कार्ड जेमतेम ग्रॅमभराने पुढच्या टप्प्यात जातं. दीडशे कार्डांवर साडेसातशे रुपयांचा फरक. कंपनीला तो काहीच नाही, पण आधी सांगितला नाहीत तर तो "तुमच्या कार्डामुळे" झालेला असतो.

टप्प्याच्या आत राहायचं असेल तर बेस २५० जीएसएमवर आणा (तिथेच दीड ग्रॅम वाचतो) आणि वरचा थर पूर्ण कार्डाएवढा न घेता पट्टी घ्या. सोनं तोलायचा छोटा डिजिटल काटा मिळतो ना, दोन-तीनशे रुपयांचा, तो घेऊन ठेवा. माझ्या मते पहिल्या पंचाच्याही आधी तो घ्यावा. हे दर साध्या पत्राचे आहेत, स्पीड पोस्टने पाठवणार असतील तर गणित निराळं. पाठवायच्या आधी जवळच्या पोस्टात एक भरलेलं पाकीट नेऊन दाखवलंत तर काउंटरवर लगेच सांगतात.

जाडीचं दुखणं वेगळं. पोस्टात तिकिटावर तारखेचा शिक्का आपटतात, आणि तिकीट असतं उजव्या वरच्या कोपऱ्यात. नेमका त्याखाली मोती किंवा गाठ आली तर मोती फुटतो नाहीतर पाकीट फाटतं. म्हणून उठावदार जे काही असेल ते त्या कोपऱ्यापासून लांब ठेवा. कार्ड पाकिटात कुठल्या बाजूने सरकवायचं हे पाकिटं भरणाऱ्या माणसाला कार्डाबरोबर एक भरलेलं पाकीट देऊनच दाखवा, तोंडी सांगून उपयोग नाही.

आणि बो. तुम्ही विचारलंय कशाने चिकटवू. मी म्हणेन पोस्टाच्या कार्डाला बांधलेला बो लावूच नका. बऱ्याच जणींना हे पटणार नाही, माझ्या बहिणीलाही पटत नाही. पण चपटी रिबन दिसायला कमी नसते. रिबन अख्ख्या कार्डाभोवती न गुंडाळता फक्त वरच्या थराभोवती फिरवा, टोकं मागे डबल साइडेड टेपने पक्की करा आणि मग तो थर कार्डावर बसवा. टोकं झाकली जातात आणि कार्डाची घडीही फुगत नाही. बो हवाच असेल तर खोटा बो करा. सहा मिलिमीटरच्या रिबनचा एक तुकडा दोन्ही टोकं मध्यावर आणून चिकटवायचा, की झाल्या दोन पाकळ्या. खाली इंग्रजी व्हीसारख्या कापलेल्या टोकांचा दुसरा तुकडा, मध्यावर बारीक पट्टी. गाठ कुठेच नाही. बोटाने दाबून बघा, कार्डाच्या वर मिलिमीटर-दीड मिलिमीटरपेक्षा जास्त येत नाही. टोकं उसवू नयेत म्हणून मेणबत्तीच्या ज्योतीजवळून झर्रकन न्यायची, ज्योतीत घालायची नाहीत. पॉलिएस्टर सॅटिनला हे चालतं, सुती रिबनला अजिबात नाही, ती पेटते. फेव्हिकॉल सॅटिनवर डाग पाडतो आणि कागदाला सुरकुत्या आणतो. टेपच बरी.

पंचाबद्दल थोडक्यात. दीडशे कार्डांसाठी गुंतागुंतीच्या जाळीचा बॉर्डर पंच घेऊ नका. साधी कमानींची किनार घ्या. बारीक जाळीतले तुकडे प्रत्येक वेळी टाचणीने काढत बसावं लागतं आणि पन्नासाव्या कार्डाला मनगट बोलायला लागतं. पंच ३०० जीएसएमवर चालवू नका, अडकतो. दीडशे-दोनशे जीएसएमची पट्टी पंच करून कार्डावर लावा. पंच उलटा धरून काम करा, म्हणजे आधीच्या नक्षीशी पुढची जुळतेय का ते दिसतं. जड चालायला लागला तर मेणाचा कागद दोन-चारदा पंच करा, सुटतो. अ‍ॅल्युमिनियम फॉइलने धार येते असं सांगतात. मला तरी त्याने अडकलेला कचरा निघाल्यासारखा वाटतो, धार आल्यासारखी नाही. करून बघायला हरकत नाही.

आता मराठी शिक्का. तयार शिक्क्यांमध्ये "हॅपी बर्थडे" हव्या त्या वळणात मिळतो, पण "दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा" बहुतेक वेळा करूनच घ्यावा लागतो. रबर स्टँप करणारा कोपऱ्यावर असतोच. फक्त त्याला मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून पाठवू नका. अनेक ठिकाणी अजून जुने, युनिकोड नसलेले (मोबाइलवर टाइप केलेली मराठी न समजणारे) फॉन्ट वापरतात. तुमचा मजकूर तिथे चिकटवला की "हार्दिक"चा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो आणि "च्छा"चे तुकडे पडतात. तो माणूस दिवसभर "करिता" आणि "अधिकृत स्वाक्षरी"चे शिक्के करतो, त्याला ते खटकत नाही. तुम्ही मजकूर घरीच नीट मांडून काळ्या-पांढऱ्या पीडीएफमध्ये द्या, फॉन्ट आत बसवलेला असू द्या. मुक्ता, बालू हे मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे फॉन्ट फुकट मिळतात आणि विकायच्या कामालाही चालतात. नाजूक फॉन्ट कितीही गोड दिसला तरी नको. बारीक शिरोरेषा शिक्क्यावर तुटते आणि "क्ष", "द्ध"च्या पोटात शाई भरते. अक्षराची उंची ५-६ मिलिमीटरच्या खाली आणू नका. रबर करायच्या आधी कागदावर प्रूफ मागा आणि मोठ्याने वाचा.

त्याला सांगा की आपोआप शाई लागणारा डबीचा शिक्का नको, नुसतं रबर द्या. त्या डबीतली शाई ऑफिसच्या पातळ कागदासाठी असते, कार्डावर ती पसरते. रबर फोमसकट अ‍ॅक्रिलिक ब्लॉकवर (पारदर्शक ठोकळ्यावर) लावून स्वतःच्या पॅडने उठवा. आणि पुण्याच्या हातकागदाच्या प्रेमात असाल तर (मीही आहे) शिक्का थेट त्यावर मारू नका. खरखरीत कागदावर अर्धं अक्षर उठतं, अर्धं कागद पितो. गुळगुळीत कागदावर उठवून तो तुकडा हातकागदावर चिकटवा. पिगमेंट शाई (कागदात न मुरता वर राहणारी दाट शाई) चकचकीत कागदावर लवकर सुकत नाही, पावसाळ्यात तर रात्रभर ठेवून सकाळी बोट काळं. ऑर्डर सप्टेंबरात सुरू करणार असाल तर मॅट कागदच घ्या. एम्बॉसिंग करायचं असेल तर कागदावर आधी टाल्कम पावडरचा हलका हात फिरवा, नाहीतर सोनेरी कण नको तिथे चिकटतात. हेअर ड्रायरने ते होत नाही. उष्णता पुरत नाही आणि पावडर उडून जाते ती वेगळीच. हीट गनच लागते.

पैशांचं. मी सीए नाही, वकील तर नाहीच, त्यामुळे हे माहितगार माणसाकडून तपासून घ्या. निम्मी रक्कम आधी घेतल्याशिवाय रिबनचं एक रीळही आणू नका. मोठी ऑफिसं "आमच्याकडे अ‍ॅडव्हान्सची पद्धत नाही" म्हणतात. मग कच्च्या मालाचे तरी मागा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा, ती सरकारी पोर्टलवर आधारवर फुकट होते. पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी संकेतस्थळं आहेत, त्यांच्या नादी लागू नका. नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असं २००६च्या एमएसएमई कायद्यात आहे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज. माझ्याकडे तेव्हा नोंदणी नव्हती, म्हणून "व्हेंडर कोड (पुरवठादाराचा क्रमांक) नाही, मग घाई कसली" हे ऐकून घ्यावं लागलं. नोंदणीने माणसं सुधारतात असं नाही, पण बिलावर नोंदणीचा क्रमांक असला की बोलण्याचा सूर जरा बदलतो.

कंपनीला आजच एक ईमेल टाका. त्यात नमुन्याचा फोटो, भरलेल्या पाकिटाचं वजन आणि जाडी, त्याला किती रुपयांचं तिकीट लागेल, गठ्ठे रबरबँडने बांधायचे नाहीत खोक्यात उभे ठेवायचे, आणि माल तपासून ताब्यात घेतल्यावर वाहतुकीतल्या नुकसानीची जबाबदारी माझी नाही, एवढं लिहा. त्यावर "ओके" आलं की कामाला लागा. फोनवर मिळालेलं "ओके" धरू नका.

रिबन आणायला कल्याणहून मुंबईच्या मस्जिद स्टेशनला उतरून अब्दुल रहमान स्ट्रीट गाठा, रविवार सोडून. सुटी मीटरवर न घेता अख्खं रीळ घ्या आणि एकाच वेळी सगळं घ्या. मरून म्हणून पुढच्या खेपेला मिळतो तो हमखास वेगळा मरून असतो. जाताना कार्डशीटचा तुकडा बरोबर न्या, दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये रंग फसवतो, बाहेर रस्त्यावर येऊन लावून बघा. पुण्याला कुणी जाणार असेल तर बोहरी आळीतही बघायला सांगा. नमुना तयार झाला की त्याचा बाजूने काढलेला फोटो टाका, जाडी दिसेल असा. बो कुठे कमी करता येईल ते बघून सांगते.