लंडनमध्ये तीन दिवसांत चार नाटके पाहायची आहेत. प्रवासाचा पास आधीच काढावा का?

माझ्या मते पासाची गरज नाही. ट्यूब (लंडनची भुयारी रेल्वे) आणि बस या दोन्हींत कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड चालते आणि दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादा असल्याने ती गाठल्यानंतर त्या दिवशी पुढे पैसे कापले जात नाहीत. मात्र सकाळी कार्ड आणि संध्याकाळी फोन टेकवला, तर यंत्रणा त्यांना दोन वेगळे प्रवासी समजते, म्हणून शेवटपर्यंत एकच साधन वापरावे. बसमध्ये २०१४ पासून रोख रक्कम स्वीकारली जात नाही.

खरे तर वेस्ट एंड या मध्य लंडनमधील नाट्यगृहांच्या भागातील बहुतेक नाट्यगृहे एकमेकांपासून पायी अंतरावर आहेत. लेस्टर स्क्वेअर आणि कोव्हेंट गार्डन या स्थानकांत जेमतेम पाव किलोमीटर अंतर असून, कोव्हेंट गार्डनला लिफ्टसाठी थांबण्यात किंवा १९३ पायऱ्या चढण्यात जेवढा वेळ (आणि दम) जातो, तेवढ्यात माणूस रस्त्याने आरामात पोहोचतो. नॅशनल थिएटर थेम्सच्या दक्षिण तीरावर आहे. तेथे वॉटर्लू पुलावरून चालत जावे, कारण त्या पुलावरून नदीच्या दोन्ही बाजूंचे शहर फार सुंदर दिसते.

रात्री उशिरा परतायचे असल्यास शुक्रवारी व शनिवारी ट्यूबच्या काही मार्गांवर रात्रभर गाड्या असतात, इतर दिवशी रात्रीच्या बस असतात. प्रयोगाला मात्र वीस मिनिटे आधी पोहोचावे; उशिरा येणाऱ्यांना बऱ्याचदा प्रयोगात योग्य विराम येईपर्यंत दाराबाहेर थांबवले जाते.