आरोग्यातल्या नवीन गोष्टी शेजारशेजारच्या जिल्ह्यांनी मिळून पसरवल्या तर लोकांची तब्येत आणि भागाची कमाई दोन्ही सुधारतात का? खान्देशात हे जमेल का?

सुधारतात. जमेल पण. फक्त त्यासाठी शेजारच्याने केलेलं काम मान्य करायची सवय लागते आणि ती आपल्या सरकारी खात्यांत नाही, माझी सगळी नोकरी हे बघण्यात गेली म्हणून लिहायला बसलोय.

याचं एक उदाहरण इंग्लंडमध्ये आहे, आधी तेवढं सांगतो. तिकडे एनएचएसने, म्हणजे त्यांच्या सरकारी आरोग्यसेवेने, 2013 साली देशाचे 15 भाग करून प्रत्येक भागाला एक नेटवर्क दिलं, की एका दवाखान्यात चांगली चाललेली गोष्ट बाकीच्यांकडे न्यायची आणि त्यातून धंदा-रोजगारही वाढवायचा. 2023 मध्ये नाव बदललं, काम तेच. त्यातलं मला पटलेलं काम मॅग्नेशियम सल्फेटचं. दिवस भरायच्या खूप आधी बाळंत होणाऱ्या बाईला हे दिलं तर बाळाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचालीत येणारं अपंगत्व) व्हायचा धोका कमी होतो. औषध जुनं, स्वस्त, आपल्या लेबर रूममध्येही झटक्यांसाठी ठेवलेलंच असतं. तिकडच्या पश्चिम भागातल्या पाच हॉस्पिटलांनी ते नीट बसवलं आणि 2018 पासून देशभर नेलं, आणि नेताना हॉस्पिटलमधल्या एका मिडवाईफला (बाळंतपणाच्या नर्सला) ड्युटीतून या कामासाठी वेळ काढून दिला, त्या वेळेचे पैसे दिले. पोस्टर लावून आणि व्हिडिओ मीटिंग घेऊन पसरवलं नाही.

आता आपल्याकडचं. मी गुजरातच्या हद्दीजवळच्या एका सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होतो. तिकडची हद्द कशी आहे हे नंदुरबारवाल्यांना सांगायला नको, नवापूरचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. माणसं बाजाराला निझर, व्याराला जातात, लग्नं तिकडे होतात, आणि दिवाळी झाली की अख्खी गावं बारडोली-सुरतकडे ऊसतोडीला. सिकलसेल, हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, तर हद्द बघून होत नाही ना. भिल्ल, पावरा, मावची, गावित सगळ्यांत आहे आणि हेच लोक दोन्ही बाजूला राहतात.

तर सिकलसेलचं राष्ट्रीय मिशन यायच्या बऱ्याच आधीची गोष्ट. ऊसतोडीवरून परत आलेलं एक जोडपं पोराला घेऊन आलं. हातपाय दुखून पोरगं रात्र रात्र रडायचं, डोळे पिवळे. तिकडे पडावावर, म्हणजे ऊसतोड्यांच्या मुक्कामावर, कॅम्प झाला होता, त्यात रक्त तपासलं होतं आणि त्यांच्याकडे गुजरातीतला कागद होता, एचपीएलसीचा, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या पक्क्या टेस्टचा, आकडे स्वच्छ, पोराला सिकलसेलचा आजारच आहे, नुसता वाहक (म्हणजे दोष आई किंवा बाप एकाकडूनच आलेला) नाही. मी बघताक्षणी सांगू शकत होतो. पण आमच्या साहेबांचा नियम, बाहेरच्या राज्याचा रिपोर्ट धरायचा नाही, आपली सोल्युबिलिटी ही साधी टेस्ट करा, पॉझिटिव्ह आली की सॅम्पल जिल्ह्याला पाठवा, तिथून इलेक्ट्रोफोरेसिस ही पक्की टेस्ट होऊन येईल मग बघू. आता सोल्युबिलिटी फक्त एवढंच सांगते की सिकलसेलचं एस हिमोग्लोबिन आहे, वाहक की रोगी ते सांगत नाही. म्हणजे हातात पक्का रिपोर्ट असताना कच्च्या टेस्टपासून सुरुवात. पोराचा बाप म्हणाला, "भाऊ, आते कितला येळा रंगत काढशात?" (आता किती वेळा रक्त काढणार?) मला खरंच संताप आला त्या दिवशी.

कारण मला माहीत होतं पुढे काय होतं. जिल्ह्याचा रिपोर्ट येईपर्यंत हे लोक थांबत नाहीत. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले असतात, ती फेडायला परत जावंच लागतं, आणि तुम्ही कमाईचं विचारलंय ना तर हे बघा, ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून एक. पोराला क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा झटका, आला, आई दवाखान्यात बसली की कोयता मोडला, बापाची पण मजुरी बंद, उचल डोक्यावर तशीच आणि पुढच्या सीझनला ती वाढून येते. एका वेळेवर न दिलेल्या गोळीची किंमत ही आहे. आर्थिक विकास म्हणजे नवीन कंपनी आणि उद्घाटन एवढंच लोकांना वाटतं, आमच्याकडे तो म्हणजे धडधाकट कोयता.

मी काय केलं, पलीकडच्या लॅबमधल्या टेक्निशियनचा नंबर मिळवला आणि फोनवर कागदावरचे आकडे त्याच्याकडून पडताळून घेतले. नवीन आलेले तरुण डॉक्टर होते, त्यांनी ते मानलं, पोराला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं आणि हायड्रॉक्सीयुरिया ही सिकलसेलची गोळी सुरू झाली. क्रायसिस कमी झाले. मग आम्ही दोघा टेक्निशियननी वहीच घातली, तुझ्याकडे सापडलेला पेशंट इकडचा असेल तर मला कळव, माझ्याकडचा तिकडे गेला तर मी कळवतो. गोळ्या कधी संपणार ते पण लिहायचो. एक रुपया खर्च नाही. साहेबांना कळल्यावर मला कारणे दाखवा नोटीस, आणि तोंडावर म्हणाले याला इनोव्हेशन म्हणत नाहीत, याला बेशिस्त म्हणतात.

मी आजही म्हणतो की तेच इनोव्हेशन होतं. 1 जुलै 2023 ला शहडोलला सिकलसेल मिशन सुरू झालं, 17 राज्यं, 0 ते 40 वयाच्या 7 कोटी लोकांची तपासणी, लोकांना त्यांचा निकाल लिहिलेलं कार्ड, 2047 पर्यंत निर्मूलन. राज्यांनी मिळून एकच आजार बघायचा, म्हणजे आमच्या वहीचंच मोठं रूप झालं की नाही?

चांगली गोष्ट पसरायला किती वेळ लागतो बघायचं तर डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांचं काम घ्या. गडचिरोलीच्या 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली, नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, 1999 ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं. देशभर आशांच्या हातात ते सरकारने दिलं 2011 ला. 12 वर्षं! आज नंदुरबारच्या धडगाव-मोलगीच्या पाड्यावर आशा बाळाचं वजन करायला जाते ते तिथून आलेलं आहे, पण मधल्या वर्षांतल्या बाळांचं काय? आणि आपल्याच खान्देशात टिश्यू कल्चरची केळी रावेर-यावलमध्ये एका शेतातून दुसऱ्या शेतात कशी पसरली आठवा, शेजाऱ्याचा घड बघितला की माणूस रोपं बुक करायला जायचा, त्याने माझ्या तालुक्याचा अहवाल कुठाय असं विचारलं नाही.

म्हणून खान्देशात करायचं असेल तर नवीन शोध लावायच्या भानगडीत आधी पडू नका. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिघांनी मिळून एवढं जरी ठरवलं की एकमेकांचा आणि पलीकडे गुजरातच्या सुरत-व्यारा, मध्य प्रदेशच्या बडवानी-सेंधव्याचा पक्का रिपोर्ट परत न तपासता धरायचा, तरी अर्धं काम झालं. शहाद्याचा माणूस हद्दीपलीकडच्या खेतियाला जाऊन औषध आणतो, कागदाला मात्र हद्द ओलांडता येत नाही. आणि प्रत्येक ठिकाणी एका नर्सला किंवा टेक्निशियनला आठवड्यातला वेळ लेखी द्या, नाहीतर ते काम आमच्यासारख्याच्या रात्रीच्या फोनवर चालतं आणि बदली झाली की संपतं. माझी बदली झाल्यावर वहीचं तेच झालं.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. बाहेरचा रिपोर्ट धरा म्हणजे डोळे मिटून धरा असं नाही. पेशंटला गेल्या तीनेक महिन्यांत रक्त चढवलं असेल तर एचपीएलसी फसवते, अगदी लहान बाळाचं पण तसंच, सहा महिन्यांच्या आतलं असेल तर परत तपासावंच लागतं. हायड्रॉक्सीयुरिया माझं वाचून कुणी सुरू करू नका, त्यात रक्ताच्या पेशी मधून मधून तपासाव्या लागतात, गरोदरपणात तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. आणि नवरा-बायको दोघं वाहक असतील तर प्रत्येक वेळी बाळाला आजार व्हायची शक्यता 25 टक्के असते, एक मूल चांगलं निघालं म्हणून पुढचं चांगलंच निघेल असं नसतं, हे कार्ड देताना सांगत चला.

तुम्ही यावर प्रोजेक्ट वगैरे करणार असाल तर आधी नावं बघा. तिकडचा वसावा इकडे वसावे होतो, गामितचा गावित होतो, आणि मग कॉम्प्युटरवर नाव टाकलं की माणूस सापडत नाही, परत सुई. कार्डाचा फोटो पेशंटच्याच मोबाईलमध्ये ठेवायला सांगा, दोन्ही बाजूच्या कार्डांचा.