झूम किती, यापेक्षा उजेड किती?

प्रश्न : मी शिक्षिका आहे. भिगवणचे पक्षी आणि शाळेच्या सभागृहातलं स्नेहसंमेलन, दोन्ही एकाच कॅमेऱ्यात हवं. लेन्स बदलत बसायचं नाही. बजेट तीस-पस्तीस हजार. ८३ पट झूमचा निकॉन पी९०० जुना मिळतोय, घेऊ का? (इंदापूर)

उत्तर : ताई, पक्षी एवढंच काम असतं तर लगेच हो म्हटलं असतं. त्याची लेन्स २४ ते २००० मिमी (आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं), म्हणजे पाण्यातला रोहित (फ्लेमिंगो) सहज टप्प्यात. पण सभागृहात तो तुम्हाला रडवेल. त्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, १/२.३ इंची, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. अंधुक उजेडात नाचणारी मुलं फोटोत एकतर हललेली, पुसट येतात, नाहीतर फोटोभर दाणे उमटतात. शिवाय त्यात रॉ फाइल (नंतर उजेड-रंग सुधारता येतील अशी कच्ची फाइल) मिळत नाही.

मी तुमच्या जागी असते तर पॅनासॉनिकचा जुना एफझेड१००० शोधला असता. २०१४ चं मॉडेल, पण सेन्सर एक इंची, क्षेत्रफळ पी९००च्या चौपट. झूम ४०० मिमीपर्यंतच. मात्र भिगवणला नावेतून पक्ष्यांच्या बरंच जवळ जाता येतं, तिथे ते पुरतं. लांबवरचे घारी-गरुड मात्र सोडून द्यावे लागतील.

जुना घेताना झूम पूर्ण आत-बाहेर करून खरखर ऐका. मग छिद्र (लेन्समधून उजेड आत येण्याची वाट) एफ८ इतकं बारीक ठेवून कोऱ्या आकाशाचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर आत धूळ आहे. लेन्स निघत नसल्याने ती घरी साफ होत नाही. तो कॅमेरा घेऊच नका.