तिकीट काढायच्या आधी मेंढ्या कधी कातरतात ते विचार

बेटा,

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला. त्यात तू लेन्सचं विचारलं, ७०-२०० घेऊ की १००-४०० घेऊ, भाड्याने घेऊ की विकत, आणि सगळ्यात शेवटी एका ओळीत लिहिलं की पिरेनीजचं, म्हणजे फ्रान्स आणि स्पेनच्या मधल्या त्या डोंगरात लांब झिपऱ्यांच्या मेंढ्यांचे फोटो काढायला जायचं, तिकीट जुलैचं पाहून राहिली आहे. लेन्सचं आपण बसून ठरवू, पण ते जुलैचं तिकीट सध्या काढू नको, आधी हे पूर्ण वाच.

मी गेलो होतो तेव्हा जूनच्या शेवटी गेलो. नागपूर ४५ डिग्रीत भाजून निघालेलं, म्हटलं पहाडात थंडावा मिळेल आणि कुरणंही हिरवी असतील. हिरवी होतीच. पण मेंढ्या सगळ्या कातरलेल्या! ज्या लांब झिपऱ्यांसाठी इतके वर्ष पैसे जमवले त्या पोत्यात भरून गेल्या होत्या आणि समोर बारीक मानेच्या, वेगळ्याच कुठल्या जातीच्या वाटाव्या अशा मेंढ्या चरत होत्या. पंधरा दिवसांत मनासारखा एक फोटो नाही मिळाला, त्याचं आजही वाईट वाटतं.

तिथलं कॅलेंडर दूध आणि कात्री या दोन गोष्टींवर चालतं. थंडीत मेंढ्या व्यायतात, कोकरं महिनाभर पितात, मग ते दूध चीजसाठी काढायला लागतात. मे-जूनपासून कळप वर डोंगरात चढतात, आणि साधारण त्याच सुमारास, उन्हाळ्याच्या तोंडाशी, कातरणी होते. प्रत्येक मेंढपाळाची तारीख वेगळी, म्हणून ज्याच्याकडे जाणार त्यालाच विचारून घे. तुला झिपऱ्या पण पाहिजेत, दूध काढतानाचे फोटो पण पाहिजेत आणि मागे बर्फाचा डोंगर पण पाहिजे, तर माझ्या मते मार्चचा शेवट ते एप्रिल. कळप खाली दरीतच असतात, लोकर वर्षभराची वाढलेली असते, आणि मागे पिक द्यू मिदी दॉस्सो उभा, २,८८४ मीटर, त्याच्यावर तेव्हा बर्फ राहते. वरची हिरवी कुरणं मिळणार नाहीत, ते सोडून दे.

आता मेंढीबद्दल. फ्रान्सच्या बाजूला मानेश आहे, तिच्यात एक काळ्या तोंडाची आणि एक तांबूस तोंडाची, आणि बास्को-बेआर्नेज आहे, बाकदार नाकाची. ओस्सो-इराती नावाचं चीज या तीन जातींच्याच दुधाचं करतात, ते नाव १९८० पासून कायद्याने राखलेलं आहे. स्पेनच्या बाजूला लाचा, तिचं इदियासाबाल चीज, त्याला तसाच दर्जा १९८७ ला मिळाला. लाचा म्हणजे बास्क भाषेत खरखरीत. हे नाव लक्षात ठेव, कारण फोटोतही तेच दिसलं पाहिजे. तिकडे अटलांटिककडून सारखा पाऊस येतो आणि ही जाड लांब लोकर छपराच्या गवतासारखी खाली लोंबते, पाणी टोकाटोकाने गळून जातं. म्हणून पाऊस आला की लोक कॅमेरा बॅगेत टाकतात, तू तेव्हाच काढ. एका झिपरीच्या टोकाला लटकलेला थेंब जवळून घे, त्या एका फ्रेममध्ये ती मेंढी तशी का आहे ते सगळं येऊन जातं.

काळ्या तोंडाची मेंढी कडक उन्हात काढायला जाशील तर फोटोत लोकर नुसती पांढरी फटक होईल नाहीतर तोंड नुसता काळा डाग होईल. ढगाळ दिवस बेस्ट, रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच काढ, धुक्यात एक्सपोजर, म्हणजे आत येणारा उजेड, अर्धा ते एक स्टॉप वाढव, कारण कॅमेरा धुक्याला राखाडी करून टाकतो. आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने पांढरं कशाला धरायचं ते, लोकरीवर सेट करू नको. लोकर पांढरी नसतेच, तेलकट पिवळसर असते, हे कळतं ते दूध बादलीत पडताना. मेंढीचं दूध गाईच्या दुधापेक्षाही पांढरं असते, गाईच्या दुधात पिवळेपणा देणारं कॅरोटिन असते ते यात जवळपास नसतेच. शेजारी पिवळी झिपरी, मधे पांढरी धार. मला तुझ्याकडून तोच फोटो पाहिजे आहे, डोंगराचा नंतर पाठव.

डोंगराची घाई नको करू हे मी मनापासून सांगतो. मेंढीच्या डोळ्याच्या उंचीवर बस, गुडघे ओले झाले तर होऊ दे, मग डोंगर आपोआप तिच्या पाठीवर येऊन बसतो. उभं राहून काढलं की नुसत्या पाठीच पाठी दिसतात. कळपाच्या मागे धावायचं तर नाहीच, दूध देणारी मेंढी घाबरली की नुकसान त्या माणसाचं होतं. पांढरा मोठा राखणीचा कुत्रा दिसला, तिकडे त्याला पातू म्हणतात, तर जागेवर थांब, पळू नको, हात वर करू नको, कळपाला लांबून वळसा घालून जा.

आणि प्रॅक्टिस इथेच कर ना. सध्या रबारी लोकं, ते कच्छकडचे फिरते मेंढपाळ, उंटांवर खाटा लादून आपल्याकडे आलेले आहेत, पिकं निघालेल्या शेतात लेंडीखतासाठी मेंढरं बसवून राहिले आहेत. त्या मेंढ्या तेवढ्या झिपऱ्या नाहीत, पण पांढऱ्या अंगावर गडद तोंड, म्हणजे एक्सपोजरची अडचण अगदी तीच. जानेवारीत सकाळी धुकंही मिळून जातं. नऊनंतर मात्र लांबच्या लेन्समधून गरम हवा थरथरायला लागते, मग काही शार्प येत नाही. पहिल्या दिवशी कॅमेरा काढूच नको, चहा पी, आजीबाईंशी बोल, कोणत्या मेंढीला कोकरू आहे ते विचार.

हिंगण्याच्या पुढे एक डेरा मी पाहून आलो, त्यांना तुझ्याबद्दल सांगून ठेवलं आहे. रविवारी सकाळी साडेपाचला शंकरनगर चौकात ये, माझी ७०-२०० घेऊन येतो, ती वापरून पाहा आणि मग विकत घ्यायचं ठरव. स्वेटर घाल, आणि त्यांच्या पोरांसाठी थोडी संत्री घेऊन येशील.

तुझा,
काका