दर तासाला उठणारं बाळ आणि जायफळाचा सल्ला

अगं, आठ महिन्यांची लेक रात्री दर तासाला उठते, अंगावर पाजल्याशिवाय परत झोपत नाही आणि सासूबाई गुटीत जायफळ जास्त उगाळ म्हणतायत, हे वाचलं आणि माझी थोरली आठवली. अगदी हेच होतं आमच्याकडे.

ती दर वेळी भुकेने उठत नाहीये. बाळांच्या झोपेची एक फेरी साधारण ५०-६० मिनिटांची असते, ती संपली की झोप पातळ होते, आपणही रात्री असे जागे होतो पण कूस बदलून परत झोपतो आणि सकाळी आठवतही नाही. ती झोपली तेव्हा तोंडात दूध होतं, आता नाही, म्हणून रडते. तुझं काही चुकलेलं नाही, तिला झोपायची एकच वाट माहीत आहे एवढंच.

तर फक्त रात्रीची पहिली झोप बदल, बाकी आत्ता राहू दे. झोपायच्या अर्धा तास आधी लाईट चालू असतानाच पाज, मग दुपटं बदल, अंगाई म्हण, थोपट, आणि डोळे जड झाले की जागी असतानाच खाली ठेव. रडली तर खोलीतून जाऊ नकोस, हात अंगावर ठेव, फारच रडली तर उचल, शांत झाली की परत ठेव. आम्हाला नऊ-दहा दिवस लागले, त्यातला तिसरा दिवस सगळ्यात वाईट होता. या वयात रात्री एक-दोनदा पाजावं लागलं तर बिनधास्त पाज.

दिवसाची झोप कमी केली की रात्री गाढ झोपेल असं घरोघरी सांगतात, पण होतं उलटंच, अति दमलेलं बाळ जास्त किरकिरतं. ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला २४ तासांत १२ ते १६ तास झोप लागते, दिवसाची धरून. फक्त शेवटची डुलकी पाचच्या आत संपू दे. बाबा साडेनऊला आले की लाईट, टीव्ही, उचलून उडवणं, हे मात्र बंद.

जायफळ नको गं. सहाणेवर किती उतरलं ते कळत नाही आणि जास्त झालं तर विषबाधा होते. खोकल्याचं औषध झोपेसाठी देणं तर अजिबात नको. सासूबाईंशी वाद घालू नकोस, संध्याकाळचं मालिश आणि अंगाई त्यांच्याकडे दे, माझ्या सासूबाईंनी ते इतकं मनापासून केलं की गुटीचा विषयच मागे पडला.

झोपवताना पाठीवर, सपाट घट्ट गादीवर, मोहरीची उशी आणि जाड गोधडी काढून टाक. साडीची झोळी असेल तर आता बंद कर, उठून बसायला लागलेलं बाळ त्यातून पडतं.

घोरत असेल, श्वास अडकल्यासारखा वाटत असेल, वजन वाढत नसेल तर मात्र थांबू नकोस, डॉक्टरांना दाखव आणि हिमोग्लोबिनचंही विचार, लोह कमी असलं तरी झोप अस्वस्थ होते.

सुरुवात शुक्रवारी रात्री कर, नवऱ्याला शनिवार-रविवार सुट्टी असेल तर पहाटेची पाळी त्याच्याकडे.