रंग उतरतो तो पाण्याने : केस रंगवणाऱ्या वाचकांचे प्रश्न

केसांना लावलेला रंग टिकत नाही, अशी तक्रार करणारी पत्रे या वेळी इतकी आली की संपूर्ण सदर याच विषयाला द्यावे असे वाटले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील पाच प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून लातूरला राहते. सहा वर्षांपासून दर महिन्याला घरीच क्रीमचा काळा रंग लावते. पहिल्या दिवशी केस काळेभोर दिसतात. पण पंधरा-वीस दिवसांत त्यांवर तांबूस झाक येते आणि कानशिलांवरचे पांढरे केस तर आठवड्यातच डोके वर काढतात. आमच्याकडे बोअरचे पाणी येते, नळांवर पांढरा थर धरतो. दोष रंगाचा, पाण्याचा की माझ्या पद्धतीचा?

उत्तर : दोष थोडाथोडा तिन्हींचा आहे, मात्र सर्वांत मोठा वाटा पाण्याचा आहे, आणि तोही केवळ बोअरच्या नव्हे, तर कोणत्याही पाण्याचा. हे कसे, ते कळण्यासाठी रंग केसात शिरतो कसा हे आधी पाहावे लागेल.

केसाच्या बाहेरच्या बाजूला घरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. त्यांच्या आत केराटिन या प्रथिनाचा गाभा असतो आणि केसाला नैसर्गिक रंग देणारे मेलॅनिन त्या गाभ्यात असते. आपल्या रंगाच्या खोक्यात दोन गोष्टी असतात : एक क्रीम, ज्यात अमोनियासारखा अल्कधर्मी पदार्थ आणि रंगाचे घटक असतात, आणि दुसरे हायड्रोजन पेरॉक्साइड. अमोनियामुळे केस फुगतो व खवले उचलले जातात. मग जवळजवळ रंगहीन असे अगदी लहान रेणू गाभ्यात शिरतात आणि पेरॉक्साइडच्या साहाय्याने एकमेकांशी जोडले जाऊन त्यांचे मोठे, रंगीत रेणू तयार होतात. मोठे झाल्यामुळे त्यांना आल्या वाटेने सहज परतता येत नाही, म्हणून हा रंग टिकाऊ समजला जातो. यूजेन श्युलेर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०७ साली पॅरिसमध्ये केसांचा कृत्रिम रंग तयार करून केशकर्तनकारांना विकायला सुरुवात केली, त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. पण पॅराफेनिलिनडायअमीन (वर सांगितलेल्या लहान, रंगहीन रेणूंपैकी एक) आणि त्याच्या जातकुळीतील पदार्थांवर आधारलेले रंगाचे मूळ तत्त्व अजूनही तेच आहे.

मात्र या क्रियेची किंमत केसाला मोजावी लागते. पेरॉक्साइड नवा रंग घडवत असतानाच केसातील मेलॅनिनचा काही भाग नष्ट करते. म्हणून वरचा काळा रंग थोडा विरळ झाला की खाली आपला मूळ काळा केस दिसत नाही, तर फिकट झालेला केस दिसतो. आपल्याला दिसणारी तांबूस झाक ती हीच. दुसरे असे की, निरोगी केसाच्या पृष्ठभागावर स्निग्ध द्रव्याचा एक अतिशय पातळ थर असतो आणि त्यामुळे पाणी केसावर फारसे ठरत नाही. अल्कली व पेरॉक्साइड मिळून तो थर काढून टाकतात. त्यानंतर केस पाणी अधिक शोषतो, प्रत्येक न्हाण्याच्या वेळी फुगतो आणि फुगलेल्या केसातून रंगाचे रेणू थोडेथोडे बाहेर पडतात. शाम्पू त्याला हातभार लावतो हे खरे, पण नुसत्या पाण्यानेसुद्धा रंग उतरतोच.

आता आपल्या केसांचा हिशेब पाहा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. आपले केस तीस सेंटिमीटर लांब असतील, तर टोकाचा भाग सुमारे अडीच वर्षांपूर्वी उगवलेला आहे. आणि दर महिन्याला मुळापासून टोकापर्यंत रंग लावत असाल, तर तो भाग आजवर जवळपास तीस वेळा रंगला आहे. इतक्या वेळा अल्कलीतून गेलेला केस रंग धरून ठेवू शकत नाही. माझी आपल्याला सर्वांत कळकळीची विनंती हीच आहे की, दर महिन्याला फक्त मुळाशी वाढलेल्या भागाला रंग लावावा. खालच्या लांबीला दोन-तीन महिन्यांतून एकदा, तेही धुण्याआधीच्या शेवटच्या पाच-दहा मिनिटांपुरताच तो ओढून घ्यावा.

कानशिलांवरचे पांढरे केस बहुधा राठ असतात आणि त्यांत रंग शिरायला वेळ लागतो. शिवाय घरी लावताना आपण डोक्याच्या मागून किंवा भांगापासून सुरुवात करतो आणि कानशिलांवर उरलेले क्रीम, तेही सर्वांत कमी वेळ, पुसल्यासारखे लावतो. त्याऐवजी सुरुवातच तेथून करावी आणि क्रीम भरपूर लावावे. डोके चुरचुरेल किंवा केस खराब होतील या भीतीने अनेक जण वीस मिनिटांतच केस धुतात. असे केल्यास रेणू जोडले जाण्याचे काम अपुरे राहते आणि न जोडलेले लहान रेणू पुढच्या एक-दोन न्हाण्यांत निघून जातात. खोक्यावर लिहिलेली वेळ पूर्ण पाळावी, तिच्यापेक्षा अधिक मात्र थांबू नये. खरोखरच आग होत असेल, तर रंग ताबडतोब धुऊन टाकावा आणि तो पुन्हा वापरू नये.

राहिला बोअरच्या पाण्याचा प्रश्न. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोत नसल्यास ती ६०० पर्यंत चालवून घेतली जाते. म्हणजे पिण्यास योग्य ठरलेले पाणीसुद्धा केसांच्या दृष्टीने बरेच कठीण असू शकते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार केसावर बसतात, केस खरखरीत होतो आणि रंग शिल्लक असला तरी निस्तेज दिसतो. संपूर्ण न्हाणे मऊ पाण्याने करणे परवडणारे नाही, हे मी जाणते. पण शेवटचे दोन तांबे आरओ गाळण यंत्राच्या शुद्ध पाण्याचे किंवा पावसाळ्यात पागोळीच्या स्वच्छ पाण्याचे घेता येतील. आरओ यंत्र बाहेर टाकते ते पाणी मात्र केसांवर घेऊ नये. त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही अधिक असतात. क्षार काढणारा, म्हणजे घटकांत ईडीटीए असलेला शाम्पू महिन्यातून एकदा, रंग लावण्याच्या दोन-तीन दिवस आधी वापरावा. रंग लावल्यावर लगेच नव्हे.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करते. सलोनमध्ये केसांच्या काही बटा आधी ब्लीच करून त्यांवर बर्गंडी रंग करून घेतला. सल्फेट नसलेला महागडा शाम्पू वापरूनही प्रत्येक न्हाण्याला लाल पाणी जाते. आई म्हणते, तेल लावणे बंद कर. तिचे खरे आहे का?

उत्तर : ब्लीच केलेल्या केसाची अंतर्रचना बरीच सच्छिद्र झालेली असते. तो रंग पटकन पितो आणि तितक्याच पटकन सोडतो. त्यात लाल छटा सर्वांत चंचल. तिचे रेणू धुण्यापुढे आणि उन्हापुढे इतर छटांपेक्षा कमी टिकतात, आणि ती थोडी जरी उतरली तरी डोळ्यांना लगेच जाणवते. पहिल्या दोन-तीन न्हाण्यांत लाल पाणी जाणे अपेक्षितच आहे. महिन्यानंतरही तसेच जात असेल, तर बटांवर लावलेला रंग कायमस्वरूपी नसून पेरॉक्साइडविना वरवर बसणारा असण्याची शक्यता आहे. तसा रंग सहा ते बारा न्हाण्यांत जातोच, तेव्हा सलोनमध्ये रंगाचा प्रकार विचारून घ्यावा.

शाम्पूविषयी माझे मत स्पष्ट आहे : सल्फेट (शाम्पूतील फेस करणारा, मळ काढणारा घटक) असणे-नसणे याने पडणारा फरक जाहिरातींत सांगतात त्यापेक्षा पुष्कळच कमी असतो, कारण मुख्य काम पाणीच करत असते. तेच पैसे चांगल्या कंडिशनरवर खर्च करावेत आणि न्हाणे आठवड्यातून दोनवर आणावे. कंडिशनर बहुधा किंचित आम्लधर्मी असतो. त्यामुळे फुगलेला केस आवळतो, खवले सपाट बसतात आणि गेलेल्या स्निग्ध थराची थोडी भरपाई होते. पाणी कोमट ते गार असावे. गीझरचे कढत पाणी डोक्यावर घेण्याची सवय असेल, तर ती आधी सोडावी.

आईंना मात्र सांगावे की, न्हाण्याआधीचे खोबरेल तेल आपला शत्रू नाही. खोबरेल तेलातील लॉरिक आम्लाचे रेणू लहान व सरळ साखळीचे असल्याने ते केसाच्या गाभ्यापर्यंत पोहोचतात आणि केसाचे पाण्याने फुगणे कमी करतात. मुंबईतील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. न्हाताना होणारी केसांतील प्रथिनांची झीज केवळ खोबरेल तेलाने लक्षणीय कमी झाली. तेव्हा न्हाण्याच्या तासभर आधी केसांच्या लांबीला थोडे तेल लावावे. फक्त ते धुण्यासाठी दोनदा-तीनदा शाम्पू करावा लागेल इतके चोपडू नये, कारण मग तेलाने राखलेले शाम्पू घालवील. आणि वर सांगितलेला वरवर बसणारा रंग असेल, तर तेल लावून रात्रभर झोपू नये. तो उशीवर उतरतो.

पुण्यात दुचाकीवर स्कार्फ बांधतात, पण त्याखालून पोनीटेल बाहेरच राहते आणि रंगवलेला भाग नेमका उन्हात पडतो. अतिनील किरण रंगाचे रेणू तोडतात. केस वर बांधून स्कार्फच्या आत घ्यावेत. केस सरळ करण्याचे यंत्र रोज लागत असेल, तर तापमान किमान ठेवावे आणि ओल्या केसांवर ते कधीही फिरवू नये. दोन रंगांच्या मधल्या काळात लाल छटेचा रंगयुक्त कंडिशनर आठवड्यातून एकदा वापरल्यास पुन्हा ब्लीच करण्याची वेळ लांबते.

प्रश्न : वय ५८, डोंबिवली. पाण्यात कालवायचा पाकिटातील कलप वापरतो. रोज लोकलच्या गर्दीतून आल्यावर अंगाच्याच साबणाने डोकेही धुतो. कलप आठवडाभरही टिकत नाही. अमोनिया नसलेला रंग घेतला तर टिकेल का?

उत्तर : आपला कलप साबण घालवीत आहे. अंगाचा साबण चांगलाच अल्कधर्मी असतो, म्हणजे रंग लावताना अमोनिया जे काम करतो तेच, केस फुगवण्याचे काम, तो रोज थोडेथोडे करतो. आणि रंग आत जावा म्हणून उघडलेले दार आपण रोज तो बाहेर जावा म्हणून उघडत आहात. घामाची तक्रार असल्यास संध्याकाळी डोक्यावर फक्त थोडे गार पाणी घेऊन टॉवेलने टिपावे आणि सौम्य शाम्पूने आठवड्यातून दोनदाच धुवावे. शिकेकाई चालेल, ती साबणासारखी अल्कधर्मी नसते. मात्र तिची भुकटी केसांवर रगडू नये, पाण्यात उकळून, गाळून घ्यावी.

अमोनिया नसलेल्या रंगात बहुधा मोनोइथॅनॉलअमीन हा दुसरा अल्कधर्मी पदार्थ असतो. त्याला उग्र वास नसतो, इतकेच. रंग अधिक टिकावा यासाठी तो घेण्यात अर्थ नाही.

येथे थोडे विषयांतर करते, पण ते आवश्यक वाटते. पाकिटातील कलपांत पॅराफेनिलिनडायअमीन असते आणि काहींना त्याची तीव्र ॲलर्जी होते. वर्षानुवर्षे काही न होता अचानक एखाद्या वेळी डोळे, कपाळ सुजल्याची उदाहरणे आहेत. आधी चाचणी करावी आणि भुवया-पापण्यांना हा कलप लावू नये, त्याने अंधत्व येऊ शकते, ही सूचना अशा रंगांच्या वेष्टनावर छापणे आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. कानामागे थोडा रंग लावून ४८ तास पाहावे. रंग लवकर उतरतो म्हणून दर आठवड्याला कलप लावणारे पुष्कळ आहेत. त्यांनी आधी साबण बदलावा.

प्रश्न : मी चिपळूणची. रसायने नकोत म्हणून मेंदी आणि त्यावर नीळ (कपड्यांची नव्हे, निळीच्या पानांची भुकटी) लावते. महिन्याभरात काळेपणा जातो आणि केस नारिंगी दिसू लागतात. नीळ भेसळीची असेल का?

उत्तर : भेसळ नसतानाही असे होते. मेंदीतील लॉसोन हे रंगद्रव्य केराटिनशी रासायनिक बंध जोडते, म्हणून पांढऱ्या केसावरची मेंदी धुऊन जवळजवळ जात नाही. निळीचे तसे नाही; ती केसात नुसती अडकून राहते. दोहोंतील निळा उतरला की खालचा नारिंगी उघडा पडतो.

तरीही पद्धत सुधारून फरक पडतो. मेंदी काही तास भिजवावी लागते, पण नीळ भिजवून ठेवली की तिचा जोर हवेतच संपतो. कोमट पाण्यात कालवून ती पंधरा-वीस मिनिटांच्या आत केसांना लागली पाहिजे. अनेक जणी दोन्ही भांडी सकाळीच भिजवून ठेवतात, आणि बिघडते ते तेथेच. लावण्यापूर्वी मेंदीचा कण न् कण धुऊन केस तेलविरहित करावेत. नीळ धुताना फक्त पाणी वापरावे आणि दोन दिवस शाम्पू लावू नये, कारण हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन रंग त्यानंतरच गडद होतो. पुढे दर वेळी मेंदी फक्त मुळांना आणि नीळ सर्व केसांना लावली, तर नारिंगीपणा साठत जात नाही.

तयार ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पाकिटांतील घटक वाचूनच ती घ्यावी. मेंदीच्या पानाने केस एकट्याने कधीही काळा होत नाही; तासाभरात काळे करणाऱ्या पाकिटात बहुधा कलपातलेच रसायन असते. काहींत धातूंचे क्षारही असतात, आणि त्यांवर नंतर पेरॉक्साइडचा रंग लावल्यास केस तापून जळाल्यासारखे होतात.

प्रश्न : मुलीबरोबर मीही कोल्हापुरात पोहायला जाऊ लागले आहे. रंगवलेल्या केसांसाठी काय करावे?

उत्तर : तलावात उतरण्यापूर्वी शॉवरच्या साध्या पाण्याने केस पूर्ण भिजवावेत. एकदा चांगले पाणी प्यालेला केस क्लोरीनचे पाणी कमी शोषतो. त्यावर खोबरेल तेलाचा हलका हात फिरवून घट्ट टोपी घालावी आणि बाहेर आल्यावर केस वाळू न देता लगेच धुवावेत. रंग लावल्यानंतर निदान तीन दिवस तरी पोहायला जाऊ नये.